मुक्त सहवास कराराचे नागरिक आणि अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्यसेवेची पात्रता : एक ऐतिहासिक अभ्यास (१९४६ ते २०२५)

प्रस्तावना :

आधुनिक राज्यव्यवस्थेत नागरिक आणि परकीय असा भेद मूलभूत मानला जातो. मतदान, शासकीय नोकरी, पारपत्र इत्यादी हक्क नागरिकास मिळतात व परकीयास मिळत नाहीत, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. परंतु या दोन टोकांच्या दरम्यान अनेक प्रकारच्या व्यक्ती उभ्या असतात. कोणी निर्वासित म्हणून आलेला असतो, कोणाला विशेष परवानगीने प्रवेश मिळालेला असतो, तर कोणाला दोन देशांतील कराराने प्रवेशाचा हक्क प्राप्त झालेला असतो. अशा व्यक्ती कायदेशीरपणे देशात राहतात, काम करतात व कर भरतात. त्या आजारी पडल्यास त्यांच्या उपचाराचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेसमोर वारंवार उभा राहिला.

या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण म्हणजे प्रशांत महासागरातील मार्शल बेटे, मायक्रोनेशिया संघराज्य आणि पलाऊ या तीन देशांचे नागरिक होत. 'मुक्त सहवास करार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करारामुळे त्यांना अमेरिकेत व्हिसाशिवाय प्रवेश, वास्तव्य व नोकरी करता येते. असे असूनही १९९६ ते २०२० या २४ वर्षांत त्यांतील बहुसंख्य प्रौढांना केंद्रशासनाच्या निधीतून चालणाऱ्या 'मेडिकेड' या योजनेचा नियमित लाभ मिळू शकला नाही. ज्या बेटांवर अमेरिकेने अणुचाचण्या केल्या, तेथील रहिवासीही याला अपवाद नव्हते. प्रस्तुत निबंधात या पात्रतेचा इतिहास तपासला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१. विशेष प्रवेश-दर्जा व आरोग्यसेवेची पात्रता यांचा अमेरिकन कायद्यातील संबंध स्पष्ट करणे.
२. करारदेशांच्या नागरिकांची पात्रता कशी गेली व कशी परत मिळाली, याचा कालानुक्रमे आढावा घेणे.
३. या इतिहासातून पात्रतेच्या निकषांविषयी कोणते निष्कर्ष निघतात ते पाहणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, करार व न्यायनिर्णय यांवर मुख्य भर दिला आहे.

१. विशेष प्रवेश-दर्जाची कायदेशीर पार्श्वभूमी :

अमेरिकेत निर्वासितांना शासकीय साहाय्य देण्याची परंपरा प्रामुख्याने क्यूबाच्या क्रांतीनंतर आकारास आली. १९६१ मध्ये क्यूबन निर्वासितांसाठी कार्यक्रम सुरू झाला व १९६२ च्या कायद्याने त्यास वैधानिक आधार मिळाला. १९६५ मध्ये गरिबांसाठी मेडिकेड आणि वृद्धांसाठी 'मेडिकेअर' या योजना अस्तित्वात आल्या. मेडिकेडचा खर्च केंद्र व घटकराज्ये वाटून घेतात. म्हणून एखादा समूह या योजनेतून वगळला गेला की त्याच्या उपचाराचा प्रश्न आपोआप घटकराज्याच्या दारात येऊन पडतो. पुढील सर्व घडामोडी समजून घेण्यासाठी ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

१९८० च्या निर्वासित कायद्याने निर्वासितांची व्याख्या व साहाय्य यांना एकसूत्रता आणली. मात्र त्याच वर्षी क्यूबातील मारिएल बंदरातून सुमारे १,२५,००० लोक फ्लोरिडात आले. त्याच सुमारास हैतीतूनही हजारो लोक येत होते. या लोकांना निर्वासित म्हणावे की नाही याचा निर्णय होईना. तेव्हा कार्टर प्रशासनाने त्यांना 'प्रवेशक' असा नवा दर्जा दिला आणि ऑक्टोबर १९८० च्या कायद्याने त्यांना निर्वासितांप्रमाणेच साहाय्य देण्याची तरतूद केली. म्हणजेच एखाद्या समूहासाठी स्वतंत्र दर्जा निर्माण करून त्याला आरोग्यसेवेचे दार उघडून देता येते, हे १९८० मध्येच सिद्ध झाले होते.

न्यायालयीन पातळीवर दोन निर्णय महत्त्वाचे ठरले. १९७१ मध्ये ग्रॅहम विरुद्ध रिचर्डसन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, केवळ परकीय आहे म्हणून घटकराज्याने कायदेशीर रहिवाशाला कल्याणकारी साहाय्य नाकारणे हा समान संरक्षणाच्या तत्त्वाचा भंग होय. १९७६ मध्ये मॅथ्यूज विरुद्ध डियाझ या खटल्यात मात्र केंद्रशासनाला वेगळा न्याय लावला गेला. मेडिकेअरच्या एका भागासाठी कायम वास्तव्य व पाच वर्षांच्या निवासाची अट घालण्याचा संसदेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. घटकराज्याने भेद करू नये, पण केंद्राने केलेला भेद चालेल, अशी ही विसंगत स्थिती होती. तिचे परिणाम पुढे हवाई राज्यात दिसून आले.

२. विश्वस्त प्रदेश आणि अणुचाचण्या :

दुसऱ्या महायुद्धापूर्वी ही बेटे जपानच्या ताब्यात होती. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने विश्वस्त म्हणून त्यांचा कारभार अमेरिकेकडे सोपवण्यात आला. विश्वस्त करारानुसार तेथील रहिवाशांच्या आरोग्याचे रक्षण करणे हे प्रशासक राष्ट्राचे कर्तव्य होते. परंतु त्यापूर्वीच, मार्च १९४६ मध्ये बिकिनी बेटावरील १६७ रहिवाशांना हलवून अणुचाचण्यांची तयारी सुरू झाली होती. १९४६ ते १९५८ या काळात मार्शल बेटांच्या परिसरात एकूण ६७ अणुचाचण्या झाल्या.

यांपैकी १ मार्च १९५४ रोजी बिकिनी येथे झालेला 'ब्राव्हो' स्फोट १५ मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे हजारपट शक्तीचा होता. त्यातून उडालेली किरणोत्सारी राख शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या रोंगेलाप बेटावर पडली. तेथील लोकांना हलवण्यास सुमारे दोन दिवस लागले. उलट्या, त्वचेवरील भाजल्यासारख्या जखमा व केस गळणे अशी लक्षणे त्यांच्यात दिसली. त्यांच्यावर उपचार करणारे वैद्यकीय पथक त्याच वेळी किरणोत्साराच्या मानवी शरीरावरील परिणामांचा अभ्यासही करीत होते. १९५७ मध्ये त्यांना रोंगेलापला परत नेण्यात आले. परंतु बेट अद्याप दूषित असल्याची भीती कायम राहिल्याने १९८५ मध्ये ग्रीनपीस संस्थेच्या 'रेनबो वॉरियर' या जहाजातून त्यांनी स्वतःहून बेट सोडले.

भारताच्या दृष्टीने या घटनेचे एक वेगळे महत्त्व आहे. ब्राव्हो स्फोटानंतर महिनाभरातच, २ एप्रिल १९५४ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी लोकसभेत अणुचाचण्या स्थगित ठेवण्याच्या कराराची सूचना मांडली. मार्शल बेटांच्या रहिवाशांनीही त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रसंघाकडे चाचण्या थांबवण्यासाठी अर्ज केला. तरीही चाचण्या आणखी चार वर्षे चालू राहिल्या.

किरणोत्साराचा परिणाम हे या समाजाच्या अनारोग्याचे एकमेव कारण मानणे योग्य होणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या संशोधकांनी २०१० मध्ये चाचण्यांमुळे उद्भवणाऱ्या अतिरिक्त कर्करोगांची संख्या सुमारे १७० इतकी अंदाजली. त्याहून व्यापक परिणाम जीवनपद्धतीतील बदलाचा झाला. विस्थापन आणि आयात अन्नावरील अवलंबन यांमुळे मासे, नारळ व फणसाच्या जातीचे नीरफणस यांवर आधारलेला आहार मागे पडला. पॉलिश केलेला तांदूळ, मैदा व डबाबंद मांस हे रोजचे अन्न झाले. मधुमेह व मूत्रपिंडाचे विकार मोठ्या प्रमाणावर वाढले. बेटांवर रक्तशुद्धीकरणाची किंवा कर्करोगावरील किरणोपचारांची सोय दीर्घकाळ नव्हती. साहजिकच उपचार हे स्थलांतराचे एक प्रमुख कारण बनले.

३. मुक्त सहवास करार :

विश्वस्त प्रदेशाची समाप्ती करताना मार्शल बेटे व मायक्रोनेशिया यांनी अमेरिकेशी मुक्त सहवास करार केले. ते १९८६ मध्ये अमलात आले. पलाऊचा करार १ ऑक्टोबर १९९४ पासून लागू झाला. या करारांचे स्वरूप परस्पर देवघेवीचे होते. तिन्ही देश सार्वभौम झाले. मात्र त्यांच्या संरक्षणाचा अधिकार अमेरिकेकडे राहिला. विस्तीर्ण सागरी प्रदेशात अन्य राष्ट्रांच्या सैन्याला मज्जाव करण्याची मुभा अमेरिकेला मिळाली. क्वाजालीन येथील क्षेपणास्त्र चाचणी केंद्रही चालू राहिले. त्याच्या बदल्यात आर्थिक साहाय्य देण्यात आले आणि या देशांच्या नागरिकांना अमेरिकेत प्रवेश, वास्तव्य व नोकरी यांचा हक्क मिळाला. ते अमेरिकेच्या सैन्यदलातही भरती होऊ शकतात.

मार्शल बेटांच्या करारातील १७७ व्या कलमान्वये अणुचाचण्यांच्या भरपाईसाठी १५ कोटी डॉलरचा निधी ठेवण्यात आला व दाव्यांसाठी न्यायाधिकरण स्थापन झाले. बिकिनी, एनिवेटॉक, रोंगेलाप व उट्रिक या चार प्रवाळबेटांच्या लोकांसाठी आरोग्य कार्यक्रमाचीही तरतूद होती. न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या रकमा उपलब्ध निधीपेक्षा कितीतरी अधिक निघाल्या व बहुतांश रक्कम दिली गेली नाही.

या करारातील एक शब्द पुढे निर्णायक ठरला. या नागरिकांना 'बिगर-स्थलांतरित' असे संबोधले गेले. कायद्याच्या भाषेत पर्यटक, विद्यार्थी आणि मुंबई-पुण्याहून एच-१बी व्हिसावर जाणारे संगणक अभियंते हेही बिगर-स्थलांतरितच असतात. परंतु अभियंत्याच्या वास्तव्याला मुदत असते व बहुधा त्याचा विमा कंपनी उतरवते. करारदेशाच्या नागरिकाच्या वास्तव्याला मुदत नव्हती. तो कोंबडीप्रक्रिया कारखान्यात, हॉटेलात किंवा वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करीत असे. दोघांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक असूनही कायद्याच्या वर्गवारीत दोघे एकाच रकान्यात बसले. सुरुवातीच्या दहा वर्षांत याने फारसे बिघडले नाही. शासनाच्या माहितीने दीर्घकाळ वास्तव्य करणाऱ्या परकीयांना त्या वेळी मेडिकेड मिळू शकत असे.

४. १९९६ चा कायदा :

२२ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी कल्याणकारी योजनांच्या पुनर्रचनेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने 'पात्र परकीय' ही नवी संज्ञा आणली. तिच्या यादीत कायम निवासी, निर्वासित, आश्रयप्राप्त व्यक्ती, किमान एक वर्षाच्या पॅरोलवर प्रवेश मिळालेल्या व्यक्ती इत्यादींचा समावेश होता. क्यूबन व हैतीयन प्रवेशकांचे स्थान १९९७ च्या दुरुस्तीने पक्के झाले. यादीत नसलेल्या व्यक्तीला केंद्राच्या मेडिकेडमधून केवळ तातडीचे उपचार मिळू शकत होते.

ज्यांचा यादीत समावेश होता त्यांच्यातही भेद करण्यात आला. कायद्यानंतर आलेल्या कायम निवाशांना सामान्यतः पाच वर्षे थांबणे भाग पडले. मुलाच्या किंवा मुलीच्या आधाराने ग्रीन कार्ड घेऊन अमेरिकेत गेलेल्या अनेक भारतीय वृद्ध आईवडिलांना ही पाच वर्षांची अट परिचयाची आहे. निर्वासितांना मात्र या अटीतून सूट होती.

करारदेशांच्या नागरिकांचे नाव यादीत कोठेच नव्हते. त्यांना पाच वर्षे थांबूनही उपयोग नव्हता, कारण प्रतीक्षेअखेर ते कायम निवासी होत नव्हते. नागरिकत्वाकडे नेणारी वाट या दर्जातून निघत नाही. त्यासाठी अन्य मार्गाने कायम निवासाचा परवाना मिळवावा लागतो. अशा रीतीने वीस वर्षे अमेरिकेत राहून कर भरणारा मार्शल बेटांचा कामगार आरोग्यसेवेच्या बाबतीत कालच उतरलेल्या पर्यटकाच्या पंक्तीत जाऊन बसला. हवाईच्या लोकप्रतिनिधींनी पुढे या वगळण्याला कायद्यातील चूक म्हटले. परंतु ती दुरुस्त होण्यास २४ वर्षे लागली.

५. हवाई राज्यातील संघर्ष :

या चुकीचा सर्वाधिक भार हवाई व ग्वाम येथे पडला. हवाई राज्याने प्रारंभी स्वतःच्या निधीतून या रहिवाशांना मेडिकेडसारखीच सेवा दिली. २००३ च्या सुधारित करारान्वये हवाई, ग्वाम, उत्तर मारियाना बेटे व अमेरिकन सामोआ यांना मिळून वार्षिक ३ कोटी डॉलरची भरपाई ठरली. परंतु ती खर्चाच्या मानाने अपुरी असल्याची राज्याची तक्रार कायम राहिली.

२००८ नंतरच्या आर्थिक मंदीत राज्याचा महसूल घटला. जुलै २०१० मध्ये हवाईने करारदेशांच्या बहुसंख्य प्रौढांना पूर्ण सेवेतून काढून 'बेसिक हेल्थ हवाई' या मर्यादित योजनेत टाकले. या योजनेत वर्षाला रुग्णालयातील दहा दिवस व बाह्यरुग्ण म्हणून बारा भेटी एवढीच सोय होती. औषधांच्या संख्येवरही मर्यादा होती. मधुमेह, उच्च रक्तदाब व मूत्रपिंडविकार एकत्र असलेल्या रुग्णाला अशी मोजणी परवडणारी नव्हती.

रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०१० मध्ये केंद्रीय जिल्हा न्यायालयाने योजनेला तात्पुरती मनाई केली व पूर्ण सेवा पुन्हा सुरू झाली. एप्रिल २०१४ मध्ये मात्र नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने हा आदेश रद्द ठरवला. भेद केंद्राने केला आहे. केंद्राने काढून घेतलेल्या निधीची जागा राज्याने स्वतःच्या पैशाने भरलीच पाहिजे, असे घटना सांगत नाही, असा बहुमताचा आशय होता. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीस घेण्याचे नाकारले. १९७१ व १९७६ च्या निर्णयांमधील फट येथे रुग्णांच्या वाट्याला आली. केंद्राला जाब विचारता येत नव्हता आणि राज्याला दोष देता येत नव्हता.

२०१५ मध्ये हवाईने या प्रौढांना खासगी विमा बाजारात पाठवले. २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्यामुळे त्यांना हप्त्यासाठी अनुदान मिळू शकत होते. तथापि इंग्रजीतील अर्ज, मुदती व उपचारांवेळी भरावयाची रक्कम हे अडथळे राहिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेडिकेड बंद झाल्यानंतर हवाईतील या समूहाचा मृत्युदर वाढल्याचे आढळले. कायद्यातील एका रकान्याचा परिणाम मृत्यूच्या नोंदवहीपर्यंत पोहोचतो, हे त्यातून दिसून आले.

६. अन्य राज्यांचे मार्ग :

२००९ च्या केंद्रीय कायद्याने कायदेशीर वास्तव्य करणारी मुले व गर्भवती स्त्रिया यांना प्रतीक्षेविना सेवा देण्याची मुभा राज्यांना मिळाली. करारदेशांचे नागरिकही त्यात येत होते. हवाईने तिचा लाभ घेतला. आर्कान्सा राज्याने तो मार्ग मुलांसाठी बऱ्याच उशिरा, २०१८ मध्ये स्वीकारला. ओरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांनी विम्याचे हप्ते स्वतः भरण्याच्या योजना आखल्या.

आर्कान्सातील स्प्रिंगडेल हे शहर मार्शल बेटांच्या लोकांचे मुख्य भूमीवरील मोठे केंद्र आहे. तेथील अनेकजण कोंबडीप्रक्रिया उद्योगात काम करतात. २०२० च्या कोरोना साथीत वायव्य आर्कान्सातील हा समाज तेथील लोकसंख्येच्या सुमारे तीन टक्क्यांहून अधिक नसतानाही बाधितांमध्ये व मृतांमध्ये त्याचे प्रमाण कित्येक पटींनी अधिक होते. एकमेकांना खेटून उभे राहण्याचे काम, एका घरात अनेक कुटुंबे, आधीपासूनचा मधुमेह आणि विम्याचा अभाव ही कारणे एकत्र आली होती. अन्नपुरवठ्यासाठी ज्यांचे काम अत्यावश्यक ठरवण्यात आले, त्यांच्यापैकी अनेकांना मेडिकेडचे दार बंद होते. या विसंगतीकडे साथीने देशाचे लक्ष वेधले.

७. पात्रतेची पुनःस्थापना व नवे वळण :

२७ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या कायद्याने करारदेशांच्या नागरिकांना मेडिकेडची पात्रता परत दिली. हवाईच्या सिनेटर मेझी हिरोनो यांनी त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. मार्च २०२४ मध्ये करारांचे आणखी वीस वर्षांसाठी नूतनीकरण झाले. त्यासाठी सुमारे ७१० कोटी डॉलरची तरतूद करण्यात आली आणि अन्नसाहाय्यासह इतर केंद्रीय योजनांचीही दारे उघडली. या काळात प्रशांत महासागरात चीनचा प्रभाव वाढत होता व करारदेशांचे सामरिक महत्त्व पुन्हा जाणवू लागले होते, हा योगायोग दुर्लक्षिण्यासारखा नाही.

४ जुलै २०२५ रोजी संमत झालेल्या कायद्याने या इतिहासाला अनपेक्षित वळण दिले. १ ऑक्टोबर २०२६ पासून केंद्राच्या मेडिकेडसाठी पात्र परकीयांची यादी कायम निवासी, क्यूबन व हैतीयन प्रवेशक आणि करारदेशांचे नागरिक एवढ्यापुरती मर्यादित करण्याची तरतूद त्यात करण्यात आली. निर्वासित व आश्रयप्राप्त व्यक्ती यांना, कायम निवासाचा परवाना मिळेपर्यंत, या यादीत स्थान ठेवले गेले नाही. १९९६ मध्ये निर्वासित आत होते व करारदेशांचे नागरिक बाहेर होते. २०२५ मध्ये त्यांच्या जागांची अदलाबदल झाली.

निष्कर्ष :

१. आरोग्यसेवेची पात्रता ही आजाराची गंभीरता, वास्तव्याचा काळ किंवा भरलेला कर यांवर ठरली नाही. ती प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या कायदेशीर नावावर ठरली. 'प्रवेशक' या नावाने क्यूबन लोकांना जे मिळाले, ते 'बिगर-स्थलांतरित' या नावामुळे मार्शल बेटांच्या लोकांना नाकारले गेले.

२. केंद्राने टाकलेली जबाबदारी घटकराज्यांवर आली. समृद्धीच्या काळात त्यांनी ती उचलली व मंदीत सोडून दिली. म्हणून केवळ राज्याच्या सद्भावनेवर अवलंबून असणारे साहाय्य हक्काची जागा घेऊ शकत नाही.

३. न्यायालयांनी या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. पात्रता कायदेमंडळाने काढून घेतली व कायदेमंडळानेच परत दिली. जे कायदेमंडळ देते ते पुन्हा काढूनही घेऊ शकते, हे २०२५ मध्ये निर्वासितांच्या अनुभवाने दाखवून दिले.

४. मार्शल बेटांच्या संदर्भात हा प्रश्न दयेचा नसून देण्याचा आहे. १९४७ मध्ये ज्या राष्ट्राने तेथील लोकांच्या आरोग्याच्या रक्षणाची जबाबदारी स्वीकारली, त्याच राष्ट्राने त्यांच्या भूमीवर चाचण्या केल्या. ही भूमी सोडून जे लोक त्या राष्ट्रात आले, त्यांच्यासोबत ती जबाबदारीही समुद्र ओलांडून आली. ती मान्य होण्यास लागलेल्या २४ वर्षांत जे रुग्ण दगावले, त्यांच्यासाठी २०२० ची दुरुस्ती उशिराची ठरली. पात्रतेची यादी तयार करताना एखादे नाव राहून जाणे ही कारकुनी बाब वाटते. प्रत्यक्षात ती जीवनमरणाची बाब असते, हाच या इतिहासाचा मुख्य बोध होय.